पांढरी दोनमध्ये जुळवलेलं पेडल स्टील आणि लग्नाचा बँड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बोटीवर असलेल्या मामांनी दहा तारांचं, तीन पेडल आणि चार नी लिव्हरचं (गुडघ्याने ढकलायच्या कळांचं) जुनं पेडल स्टील, म्हणजे वाजवतानाच पाय-गुडघ्यांनी तारांचा सूर बदलता येणारी आडवी गिटार, आणून दिलंय. तुम्ही गोव्यात, फोंड्याला पंधरा वर्षं सहा तारांची हवाईयन गिटार वाजवताय, नाट्यगीतं आणि भजनं, सा पांढरी दोनचा (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे डी). नव्या वाद्यावर तुम्ही तीच जुळवणी चढवलीत: सा प ग सा प सा, उरलेल्या चारांपैकी दोन चिकारी (अधूनमधून छेडायच्या, सतत सा धरणाऱ्या तारा), दोन अजून न जुळवलेल्याच. आता म्हापशाच्या एका बँडने डिसेंबरच्या लग्नांसाठी बोलावलंय आणि त्यांच्या यादीत निम्मी गाणी जुनी अमेरिकन कंट्री. सगळे ई नाइन नावाच्या रूढ जुळवणीत वाजवतात असं ऐकल्यामुळे तुम्ही विचारताय की सगळं मोडून ते शिकावं, की आपल्याच जुळवणीत स्टेजवर बसावं.

सा पांढरी दोनचाच ठेवा. बाकीची जुळवणी मात्र मोडा. मीही डिचोलीत हवाईयन गिटारवरूनच या वाद्यावर आलो आणि हेच दोन्ही धडे उलट्या क्रमाने शिकलो, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

आधी ई नाइनची भीती घालवू. सरगममध्ये सांगितलं तर तुमच्या कानाला ते दोन मिनिटांत कळेल. सा पांढरी तीनचा धरा. पहिल्या तारेपासून, म्हणजे वाजवणाऱ्यापासून सर्वांत लांबच्या तारेपासून, क्रम असा: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. गंमत म्हणजे पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा उतरत्या स्वराच्या आहेत. सगळ्यांत चढी तार तिसरी, गंधाराची. डावीकडचं पहिलं पेडल दोन्ही पंचमांचे धैवत करतं. दुसरं पेडल दोन्ही गंधारांचे मध्यम करतं. दोन्ही एकदम दाबली की सा ग प चं सा म ध होतं. बार, म्हणजे डाव्या हातातली तारांवर सरकवायची धातूची कांडी, जागचा हलला नाही आणि तुम्ही एकच्या (सा वरच्या) कॉर्डवरून चारच्या (म वरच्या) कॉर्डवर पोचलात.

हवाईयन गिटारवर बार सरकला की त्याखालच्या सगळ्या तारा एकदम मींड घेतात. पेडल स्टीलवर सा स्थिर राहतो आणि शेजारचा पंचम त्याला घासत धैवताकडे चढतो. तानपुरा चालू असताना गवय्याने मींड घ्यावी तसं, फक्त इथे तानपुरा आणि गवई दोन्ही एकाच बारखाली. कंट्री ऐकणारा माणूस ज्याला स्टीलचं रडणं म्हणतो ते हेच. 1954 साली गाजलेल्या, कंट्री गायक वेब पियर्सच्या एका गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं. पेडलं त्याच्या आधीही होती, पण ती बहुतेक जण एका जुळवणीतून दुसरीत जायला वापरायचे, आवाज थांबवून. ते गाणं ऐकल्यावर अमेरिकेतले स्टीलवाले गॅरेजमध्ये जाऊन आपापल्या वाद्यांना पेडलची ओढ तारेपर्यंत नेणारे रॉड जोडायला लागले. पुढे स्टीलवादक बडी एमन्स आणि त्याच्या बरोबरीच्या लोकांनी पचा ध आणि गचा म हे दोन बदल दोन वेगळ्या पेडलांवर नेले, वरच्या रे-नीच्या तारा घातल्या, आणि हळूहळू त्याची ई नाइन झाली.

म्हणजे ती काही वेदवाक्य नाही. स्नीकी पीट क्लाइनो फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या अमेरिकन बँडमध्ये आठ तारांच्या फेंडर स्टीलवर बी सिक्स ही वेगळी जुळवणी लावून कंट्री-रॉक वाजवायचा आणि त्याचा आवाज आजही अंधारात ओळखता येतो. हाउस ऑफ गॉड नावाच्या पंथाच्या चर्चमध्ये वाजवणाऱ्यांनी आपापल्या ई सेव्हनच्या जुळवण्या बांधल्या. रॉबर्ट रँडॉल्फ त्याच परंपरेतला. या सगळ्यांची जुळवणी आडवळणाची आहे, पण पायाखाली काय हवं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्या बाबतीत मला शंका आहे ती नेमकी तिथे.

तुमच्या सा प ग सा प सा मध्ये ग आहे, प आहे. तेव्हा दोन मुख्य पेडलं जोडता येतील, सा म ध ही मिळेल. मग कमी काय? रे. ऐकायला क्षुल्लक वाटतं, म्हणून हातात धरून दाखवतो. ई नाइनवर बार एकाच पडद्यावर (फ्रेटवर) ठेवा. आठवी तार सा, सातवी रे, सहावी ग. दुसरं पेडल दाबून सहावीच म. पाचवी प. पहिलं पेडल दाबून पाचवीच ध. दुसरी तार नी, चौथी सा. पूर्ण सप्तक झालं आणि डावा हात जागचा हलला नाही. कंट्रीतल्या गायकाच्या दोन ओळींमधल्या त्या छोट्या भरण्या सगळ्या रे-ग, सा-रे, प-ध अशा शेजारशेजारच्या तारांवर असतात आणि एक स्वर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो. रेची तार नसेल तर प्रत्येक वेळी बार दोन पडदे मागेपुढे न्यावा लागतो. विलंबित नाट्यगीतात ते शोभून दिसतं. लग्नात रात्री अकराला ड्रमर लय वाढवतो तेव्हा तुम्ही दर ओळीला अर्धी मात्रा मागे राहाल. तुम्हाला वाटेल रियाज कमी पडतोय. रियाज नाही, तार कमी पडतेय.

दुसरी गोष्ट चिकारी आणि खर्ज, म्हणजे खालच्या साची जाड तार. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय.

सासष्टीत नदीकाठच्या एका लॉनवर लग्न होतं. माझी जुळवणी तेव्हा जवळजवळ तुमच्यासारखीच, वर पांढरी दोनच्या दोन चिकारी, खाली खर्ज. तिसरंच गाणं, संथ, गायकाचा आवाज खोल, सा नेमका पांढरी दोनचा. मी खुशीत. प्रत्येक ओळीनंतर खर्ज सोडून देत होतो, लोक वळून बघत होते. शेवटच्या कडव्याला बँडने अर्धा स्वर वर उडी मारली. कंट्रीत हे नेहमीचं, तालमीतही झालेलं. बार मी बरोबर पहिल्या पडद्यावर नेला. अंगठा मात्र सवयीने चिकारीवर गेला आणि खर्ज तर आधीचाच घुमत होता. काळी दोनच्या गाण्यात पांढरी दोनचा सा, तोही अँप्लिफायरमधून. बेसवाल्याने त्याच्या वाद्याची तार तपासली. त्याला वाटलं त्याचंच काही बिघडलं. मध्यंतरात ट्रंपेटवाले काका शेजारी येऊन बसले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "कितें बाब, पंप चालू उरलो?"

आपल्याकडचे बँड ट्रंपेट आणि सॅक्सोफोनवर उभे आहेत. ती वाद्यं बी फ्लॅट आणि ई फ्लॅटची, त्यामुळे गाणी वळतात ती काळी पाच, काळी दोन, पांढरी चार अशा पट्ट्यांकडे. त्या मोसमात मी यादी काढून मोजलं, चाळीसेक गाण्यांत पांढरी दोनची चार निघाली. नाट्यगीतात सा एकदा ठरला की रात्रभर तोच, म्हणून मोकळ्या, म्हणजे बार न टेकवता वाजवलेल्या तारेला तिथे मान आहे. बँडमध्ये सा दर चार मिनिटांनी बदलतो. पेडल स्टीलवाले मोकळ्या तारा सहसा का टाळतात, आणि वाजलेली प्रत्येक तार उजव्या तळव्याच्या कडेने लगेच का मिटवतात, हे मला त्या रात्री कळलं.

आता मी काय करतो ते सांगतो. माझी सध्याची जुळवणी वरून: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, प, सा. सा पांढरी दोनचा. म्हणजे पहिल्या आठ तारा ई नाइनच्याच, फक्त एक स्वर उतरवलेल्या. नववीचा कोमल नी काढून तिथे दहावीचा पंचम आणला, आणि दहावीला खर्जाचा सा दिला. पहिल्या पेडलचा जो रॉड दहावीला होता तो नववीला जोडला. कोमल नी पूर्ण गेला नाही. दुसऱ्या तारेवरची लिव्हर अर्धी दाबली की नीचा कोमल नी होतो, पूर्ण दाबली की ध. वरच्या सप्तकात का होईना, मिळतो. खालचा भरदार पाचचा सेव्हन्थ कॉर्ड (कोमल नी घातलेला) गेला हे खरं. बँडमध्ये गिटारवाला आणि कीबोर्डवाला दोघेही तोच कॉर्ड धरून बसलेले असतात, तिसऱ्याने धरला नाही म्हणून लग्न मोडत नाही. एकट्याने वाजवायचं असेल तर मात्र ही उणीव जाणवते. चिकारी मी कायमची काढली.

पांढरी दोनच का, ई नाइन तशीच पांढरी तीनला का नको? तुमच्या हाताला पंधरा वर्षांची पडद्यांची सवय आहे, ती फुकट घालवू नये हे एक. नाट्यगीतांचे कार्यक्रम तुम्ही सोडणार नाही हे दुसरं. तिसरं कारण तारेचं आहे. ई नाइनची तिसरी तार अकरा नंबरची (0.011 इंच जाड), आणि दुसरं पेडल दाबलं की ती थेट 440 हर्ट्झच्या सुरावर जाते. एवढ्या लांबीवर ती तुटायच्या बेतातच असते. स्टीलवाल्याच्या पेटीत सगळ्यात जास्त तारा तिसरीच्याच असतात. एक स्वर उतरवलात की पेडल दाबूनही ती 392 च्या पुढे जात नाही. माझी तिसरी तार आता गंजून बदलावी लागते, तुटून नाही.

पण एक स्वर उतरवणं म्हणजे नुसत्या खुंट्या पिळणं नव्हे. मी पहिल्यांदा तसंच केलं आणि दिवसभर वाद्य बिघडलं म्हणून डोकं धरून बसलो होतो. तीच तार एक स्वर उतरवली की तिचा ताण सुमारे 21 टक्के कमी होतो. पेडल मात्र तिला पूर्वीइतकंच ओढतं. सैल तारेला तेवढीच ओढ दिली की ती जास्त चढते, त्यामुळे पंचमाचा धैवत होण्याऐवजी जवळजवळ सव्वा स्वर वर जाते आणि धैवत ओलांडून कोमल नीच्या वाटेवर कुठेतरी लटकते. जाड तार घातली की सुटेल असं वाटतं. नाही सुटत. साध्या पोलादी तारेला ठरावीक स्वर चढायला किती लांब ओढावं लागतं हे तिच्या जाडीवर नाही, तिच्या सुरावर ठरतं. जाड तार घातलीत तर ओढ तेवढीच लागेल, फक्त पेडल पायाला जड होईल. उपाय एकच: उजव्या टोकाला चेंजरच्या (तारा ओढणाऱ्या यंत्रणेच्या) बाहेर जे नायलॉनचे नट दिसतात ते पेडल दाबून धरून एकेक करत मागे सोडायचे. आधी मोकळी तार, मग दाबलेली, मग पुन्हा मोकळी. नटाची जागा संपली तर वाद्य उलटं करून रॉड बेल क्रँकच्या (रॉड ओढणाऱ्या खालच्या तरफेच्या) दुसऱ्या भोकात घालावा लागतो. जुन्या वाद्याला एक पूर्ण रविवार द्या. लग्नाच्या दिवशी सकाळी यात हात घालू नका.

दहाव्या तारेला साठ नंबरच्या आसपासची गुंडाळीची तार लागेल. नट रोलरच्या (डाव्या टोकाला तार जिच्यावरून जाते त्या चकतीच्या) खाचेत ती नीट बसते का ते आधी बघा. ई नाइनसाठी बनवलेल्या वाद्यात ती खाच अरुंद असू शकते. मोसमाआधी जास्तीच्या तारा सुट्या मागवून ठेवा, कारण तुमच्या जुळवणीचा तयार संच कुठल्याच दुकानात मिळणार नाही. स्टेनलेसच्या घ्या. आवाज किंचित टोकदार येतो, पण आपल्या खाऱ्या हवेत निकेलच्या तारा चवथीपर्यंतसुद्धा तग धरत नाहीत.

गंधाराबद्दल वेगळं सांगायलाच हवं. तुमचा कान तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारावर तयार झालाय. तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरा असतो. हार्मोनियमच्या साथीवरून आपल्याकडे जुने लोक कुरकुर करायचे ती याचसाठी. अमेरिकेतले स्टीलवालेही गंधार उतराच लावतात, कारण उतऱ्या गंधाराने कॉर्ड वितळल्यासारखा एकजीव होतो. एकट्याने वाजवताना तुम्ही तसाच लावा. पण बँडमध्ये तुमच्या शेजारी कीबोर्डवाला बसणार आणि त्याचा गंधार हलणार नाही. दोन गंधार एकदम वाजले की आवाजात जी थरथर येते ती प्रेक्षकाला बेसूर म्हणूनच ऐकू येते. मी मधला मार्ग काढलाय: गंधार सहा-सात सेंट उतरे, पंचम तंतोतंत, आणि कीबोर्डवाला संथ गाण्यात कॉर्ड धरून बसला की मी गंधाराची तार टाळून सा-प नाही तर प-रे वाजवतो. तालमीत त्याच्याशी बोलून घ्या. शहाणा कीबोर्डवाला असेल तर तो स्वतःच गंधार सोडून देतो.

आणखी एक खोड लक्षात ठेवा. दोन्ही पेडलं एकदम दाबली की वाद्याचं अंगच किंचित वाकतं आणि न दाबलेल्या तारा, विशेषतः चौथी आणि आठवी, दोन-चार सेंट उतरतात. जुन्या वाद्यांत हे जास्त. तुमच्या ट्यूनरवर मोकळा सा काट्यावर दिसेल आणि सा म ध मध्ये तोच उतरा वाटेल. तेव्हा मोकळा सा केसभर चढाच ठेवायचा, म्हणजे दोन्हीकडे चालून जातो.

स्टेजबद्दल. तुम्ही आजवर बैठकीवर वाजवलंत. पेडल स्टील चार पायांवर उभं असतं आणि पेडलचे रॉड फळ्यांच्या पातळीवर अवलंबून असतात. लॉनवरचा मांडव फळ्या टाकून केलेला असतो, लोक नाचायला चढले की फळ्या झुलतात, आणि नुसतं पाऊल टेकवलेलं पेडल आपोआप पाव इंच दाबलं जातं. त्याचा परिणाम लगेच सुरावर. मी अठरा मिमी प्लायवूडचा वाद्याएवढा तुकडा गाडीत कायम ठेवतो आणि वाद्य, खुर्ची, व्हॉल्यूम पेडल सगळं त्याच्यावरच मांडतो. डिसेंबरमध्ये रात्री दहानंतर दव पडायला लागतं, तार आणि बार दोन्ही ओले होतात. बारसाठी खिशात कोरडा सुती रुमाल हवा, टाल्कम पावडर नको, ती तारांच्या गुंडाळीत जाऊन बसते. स्टेजवर पोचल्या पोचल्या जुळवू नका. वाद्य उघडून तासभर हवेला लागू द्या, दिवे चालू झाले की मग जुळवा, आणि दिवे तोंडावर आल्यावर पुन्हा एकदा बघा.

रोषणाईच्या माळांच्या वायरीजवळ बसू नका. पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) साधा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा असेल तर गुणगुण थेट आत येते. विजेचं अर्थिंग स्वतः टेस्टरने तपासा. तुमचा डावा हात लोखंडी बारवर आणि ओठ माइकजवळ असे दोन्ही एकदम असतील तर हे विनोदाचं काम नाही.

गाणी लिहून कशी ठेवायची? तुमच्या जुळवणीचे टॅब (कुठली तार, कुठला पडदा हे आकड्यांत लिहिलेली गाणी) कुठेही तयार मिळणार नाहीत, हा एकच खरा तोटा आहे. ई नाइनचं एक स्वर खाली आणलेलं रूप ठेवलंत तर निदान पहिल्या आठ तारांचे टॅब पडदे बदलून जसेच्या तसे वापरता येतात. म्हणूनही मी वरच्या आठांना हात लावू नका म्हणतो. बँडशी बोलताना मात्र पडदे आणि तारा विसरा. ते एक, चार, पाच अशा आकड्यांत बोलतात आणि सा तेवढा वेगळा सांगतात. वहीत डावीकडे सा, पुढे आकडे, एवढंच लिहा. आपल्या नोटेशनची सवय असलेल्याला हे जड जाऊ नये.

आता ऑगस्ट चाललाय. रॉड आणि नट हलवायला एक रविवार, मग रोज अर्धा तास फक्त ते एका पडद्यावरचं सप्तक, सगळ्या पट्ट्यांत. ऑक्टोबरपर्यंत व्हॉल्यूम पेडलला हात... म्हणजे पाय लावू नका. त्याने चुका झाकता येतात आणि त्या तशाच राहतात. दिवाळीनंतर बँडच्या तालमींना जा आणि पहिल्या चार-पाच वेळा गायक गात असताना काहीच वाजवू नका, फक्त दोन ओळींच्या मध्ये. डिसेंबरच्या पहिल्या लग्नाआधी बँडकडून गाण्यांची यादी पट्ट्यांसकट मागून घ्या. पांढरी दोन, पांढरी पाच आणि पांढरी सहाची गाणी हिरव्या पेनने खुणा करा. दहावी तार मोकळी सोडायची ती फक्त तिथे, आणि त्यातही शेवटच्या कडव्याला उडी आहे का ते विचारून. बाकी सगळ्या गाण्यांसाठी चेंजरजवळ दहाव्या तारेखाली फोमचा बोटभर तुकडा सरकवून ठेवा. माझा तुकडा जुन्या चपलेचा आहे, चांगला चालतो.